पासवर्ड दिल्यावर अडकणारा लिनक्स संगणक: फॉरमॅट करण्याआधी काय पाहावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात उबंटू २२.०४ चालणारा संगणक आहे. त्यात ५०० जीबीची डिस्क आणि एनव्हिडियाचे जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड आहे. एका रात्री दोनदा वीज गेली, यूपीएसची बॅटरी टिकली नाही, आणि सकाळपासून पासवर्ड दिला की स्क्रीन काळी होते, माउसचा बाण हलतो, पण डेस्कटॉप काही येत नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ‘फॉरमॅट मारून नवीन टाकू’ असे सुचवले आहे. परंतु तीन वर्षांची बिले आणि डिझाइनच्या फाइली त्याच संगणकात असल्याने फॉरमॅटशिवाय मार्ग आहे का, असे आपण विचारले आहे.

मार्ग आहे. सोलापुरातील कार्यालयांचे लिनक्स संगणक मी गेली सोळा वर्षे सांभाळतो आहे, आणि लॉगिनपाशी अडकलेल्या संगणकांपैकी खरोखर फॉरमॅट करावे लागले असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. पासवर्ड विचारणारा पडदा येतो याचा अर्थ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू झालेला असतो, डिस्क वाचली गेलेली असते आणि बहुतेक सेवा उभ्या राहिलेल्या असतात. त्यानंतर जे घडते ते आपल्या खात्याच्या नावाने घडते: आपल्या होम फोल्डरमधील, म्हणजे आपल्या खात्याच्या फाइली जिथे राहतात त्या फोल्डरमधील, लपलेल्या (नावाआधी टिंब असलेल्या) फाइली वाचल्या जातात, तिथे थोडेफार लिहिले जाते आणि मग ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मदतीने डेस्कटॉप उभा राहतो. म्हणून दोष बहुधा होम फोल्डरमध्ये, तिथे लिहिण्यासाठी लागणाऱ्या जागेत किंवा ड्रायव्हरमध्ये सापडतो. फॉरमॅट करणारा माणूस होम फोल्डरची नक्कल काढतो, नवे उबंटू टाकतो, ती नक्कल लपलेल्या फाइलींसह जशीच्या तशी परत ठेवतो, आणि दोष त्या फोल्डरमध्येच असेल तर संध्याकाळी संगणक पुन्हा त्याच जागी अडकतो. हे मी दोन ठिकाणी स्वतः पाहिले आहे.

सर्वप्रथम, ‘हँग झाला’ म्हणजे नेमके काय झाले हे ठरवावे. पासवर्ड चुकला असेल तर संगणक तसे स्पष्ट सांगतो. (आकडे उजवीकडच्या कीपॅडवरून देण्याची सवय असेल आणि नमलॉक बंद असेल, तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो, या एका बटणासाठी मी होटगी रोडपर्यंत जाऊन आलो आहे.) पासवर्ड स्वीकारला जाऊन क्षणभर काळोख होतो आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा येतो, तेव्हा सत्र (लॉगिननंतरचे आपले कामकाज) सुरू होताच मेलेले असते. काळ्या स्क्रीनवर बाण हलत राहतो, म्हणजे आपल्याकडे होते तसे, तेव्हा सत्र जिवंत असते पण कशाची तरी वाट पाहत थांबलेले असते. बाणही गोठला असेल तर कॅप्सलॉक दाबून त्याचा दिवा पेटतो-विझतो का ते पाहावे. दिवा हलत नसेल तर कर्नलच अडकलेला असण्याचा संभव असतो आणि संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर किंवा हार्डवेअरवर जातो.

त्या शेवटच्या अवस्थेतही पॉवरचे बटण दाबून धरू नये. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू आणि बी ही अक्षरे दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दाबावीत. एसने लिहायचे राहिलेले डिस्कवर जाते, यूने डिस्क केवळ वाचनासाठी होते आणि बीने संगणक पुन्हा चालू होतो. उबंटूने कर्नलच्या या आपत्कालीन बटणांपैकी मोजकीच चालू ठेवलेली असतात, आणि ही तीन त्यांत आहेत.

आपला बाण हलतो आहे, त्यामुळे पुढचे काम सोपे आहे. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड न देता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावे. काळ्या पार्श्वभूमीवर नाव विचारणारा कन्सोल येईल; तिथे नाव आणि पासवर्ड द्यावा. पासवर्ड टाइप करताना तारकाचिन्हेसुद्धा उमटत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड बंद पडला असे समजू नये. परत जाण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१. पुढील कमांड मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात. एकट्या अक्षराआधी ‘वजा’ म्हटले आहे तिथे एक जागा सोडून वजाचे चिन्ह द्यावे. प्रणालीत बदल करणाऱ्या प्रत्येक कमांडच्या आधी ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने चालव, असे सांगणारा शब्द) लागेल.

पहिली कमांड ‘डीएफ वजा एच’. उत्तरात जी ओळ तिरक्या रेघेवर संपते ती आपली मुख्य डिस्क, आणि तिच्यापुढे १०० टक्के दिसले तर बहुधा दोष सापडलाच. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिच्यामुळे जाणकारही फसतात. उबंटूची नेहमीची फाइल सिस्टीम, म्हणजे एक्स्ट४, एकूण जागेपैकी ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे संगणकाचे सर्व अधिकार असलेल्या खात्यासाठी, राखून ठेवते. ५०० जीबीच्या पार्टिशनवर ती सुमारे २५ जीबी भरते. म्हणून डिस्क भरली तरी रूटच्या सेवा चालतात, संगणक बूट होतो, लॉगिनचा पडदा येतो, कन्सोलमध्ये प्रवेशही मिळतो. पण आपल्या खात्याच्या नावाने एक बाइटही लिहिता येत नाही आणि डेस्कटॉपला सुरू होण्यासाठी होम फोल्डरमध्ये लिहावेच लागते. एकूण जागेतून वापरलेली वजा केली तर २५ जीबी उरलेले दिसतात आणि शेजारच्या ‘अव्हेलेबल’ या रकान्यात मात्र शून्य असते. वजाबाकीकडे न पाहता तो शून्य पाहावा. त्याबरोबर ‘डीएफ वजा आय’ हेही चालवावे, कारण जागा शिल्लक असूनही लाखो बारीक फाइलींमुळे आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या नोंदी) संपतात आणि परिणाम तोच होतो.

डिस्क कशाने भरते, याचे एक उदाहरण सांगतो. नवी पेठेतील एका कर सल्लागारांच्या कार्यालयात रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेणारी छोटी स्क्रिप्ट होती आणि ती डिस्क ‘एमएनटी’ फोल्डरमधील ‘बॅकअप’ या नावावर जोडली जात असे. सफाई करताना कोणाकडून तरी त्या डिस्कची केबल निघाली. स्क्रिप्टला ते कळण्याचे कारण नव्हते. बॅकअप नावाचा फोल्डर तर जागेवर होता, त्यामुळे ती निमूटपणे आतल्या डिस्कवरच नक्कल करत राहिली आणि नवव्या दिवशी डिस्क तुडुंब भरली. तोपर्यंत कोणीतरी केबल पुन्हा जोडली होती, आणि खरी गंमत तिथे आहे: जोडलेली डिस्क त्या फोल्डरवर पांघरुणासारखी पडते आणि खाली साचलेल्या फाइली दिसेनाशा होतात. मी ‘डीयू’ने एकेक फोल्डर मोजत होतो आणि बेरीज काही केल्या जुळत नव्हती. शेवटी बाहेरची डिस्क ‘युमाउंट’ केली, म्हणजे फोल्डरवरून सोडवली, आणि फोल्डरची यादी देणारे ‘एलएस’ चालवले, तेव्हा नऊ दिवसांचे नऊ फोल्डर एकाखाली एक उभे होते. आपल्याकडे असा बॅकअप असेल तर हे आधी पाहावे. नसेल तर ‘सुडो जर्नलसीटीएल’ला दोन वजाचिन्हे जोडून ‘व्हॅक्यूम-साइज’ हा पर्याय २०० एम या मर्यादेसह (हा एम तेवढा मोठ्या लिपीत) देऊन जुन्या नोंदी छाटाव्यात, ‘सुडो एपीटी क्लीन’ने उतरवून ठेवलेली पॅकेजेस काढावीत आणि दोन-तीन जीबी मोकळे झाले की रीस्टार्ट करावे. बाकीची सफाई डेस्कटॉप आल्यावर सावकाश करता येते.

जागा शिल्लक असेल, तर वीज गेल्याचा इतिहास पाहता पुढचा संशय डिस्कवर. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या उबंटूच्या ‘एफएसटॅब’ फाइलीत मुख्य पार्टिशनसमोर अशी सूचना असते की फाइल सिस्टीममध्ये चूक आढळल्यास ते पार्टिशन केवळ वाचनासाठी जोडावे. ही सावधगिरी योग्यच आहे, पण लॉगिनवर तिचा परिणाम डिस्क भरल्यासारखाच होतो. ‘टच’ या कमांडने होम फोल्डरमध्ये एखादी रिकामी फाइल तयार करून पाहावी. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ असे उत्तर आले, तर चालू संगणकावर ‘एफएससीके’ ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवण्याचा मोह टाळावा. जोडलेल्या पार्टिशनवर ते चालवल्यास शाबूत असलेलेही बिघडते. उबंटूच्या पेन ड्राइव्हवरून ‘ट्राय उबंटू’ निवडून संगणक चालू करावा आणि प्रथम संपूर्ण होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. आपली बिले आणि डिझाइन याच टप्प्यावर सुरक्षित होतात, आणि तपासणीत पुढे हा प्रश्न नसला तरी ही नक्कल वाया जात नाही. त्यानंतर तिथल्याच ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) उघडून ‘रीअलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे पाहावेत. ते शून्य असतील तर ‘एलएसबीएलके’ने पार्टिशनचे नाव पाहून त्यावर ‘सुडो एफएससीके वजा एफ’ चालवावे. पेंडिंगचा आकडा वाढता असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नये; डिस्क बदलावी.

वीज जाण्याचा दुसरा परिणाम अधिक वेळा आढळतो आणि तो कोणाच्या ध्यानात येत नाही. उबंटू सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसवते, आणि नेमक्या त्या वेळी वीज गेली तर काही पॅकेजेस उलगडलेली पण जुळवणी न झालेली अशी मधेच राहतात. ‘सुडो डीपीकेजी’ला दोन वजाचिन्हे जोडून ‘कॉन्फिगर’ आणि मग ‘वजा ए’ असे दिले की राहिलेले काम पूर्ण होते. पाठोपाठ ‘सुडो एपीटी वजा एफ इन्स्टॉल’ चालवावे. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून माझा पहिला अंदाज याच ठिकाणी आहे, त्यामुळे डिस्क ठीक आढळल्यास हे लगेच करून रीस्टार्ट करून पाहावे.

एवढ्याने भागले नाही, तर सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे नवे खाते. ‘सुडो अ‍ॅडयूझर चाचणी’ अशी कमांड द्यावी (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत), लॉगिनच्या पडद्यावर परत यावे आणि त्या खात्याने आत जाऊन पाहावे. डेस्कटॉप आला तर कर्नल, ड्रायव्हर, डिस्क आणि उबंटू हे सारे एका फटक्यात निर्दोष सुटतात आणि दोष आपल्या होम फोल्डरमध्ये आहे हे सिद्ध होते. या दोन मिनिटांच्या चाचणीने माझे जितके तास वाचवले तितके दुसऱ्या कशानेही वाचवलेले नाहीत, तरी लोक आधी ड्रायव्हर काढून टाकतात.

दोष होम फोल्डरमध्ये ठरल्यावर ‘एलएस वजा एलए’ने लपलेल्या फाइली पाहाव्यात आणि त्यांच्या मालकाचा रकाना वाचावा. तिथे आपल्या नावाऐवजी ‘रूट’ दिसले, विशेषतः ‘एक्सऑथॉरिटी’ किंवा ‘कॉन्फिग’समोर, तर कोणीतरी सुडो लावून खिडक्यांचा प्रोग्रॅम चालवला आहे असे समजावे आणि ‘सीएचओडब्ल्यूएन’ने मालकी परत आपल्या नावावर करावी. वीज गेल्यावर बिघडणारी दुसरी वस्तू म्हणजे ‘कॉन्फिग’मधील ‘डीकॉन्फ’ फोल्डरात असणारी ‘यूझर’ ही फाइल. डेस्कटॉपच्या साऱ्या आवडीनिवडी तिच्यात असतात. ती पुसू नये, तिचे नाव ‘यूझर-जुनी’ करावे. डेस्कटॉप कोऱ्या रूपात येईल आणि वॉलपेपर पुन्हा लावावा लागेल, इतकेच नुकसान. अपडेटनंतर जुनी झालेली ग्नोम एक्स्टेन्शन्सही (ग्नोम या उबंटूच्या डेस्कटॉपला लावलेल्या जोडण्याही) सत्र अडवतात. ‘लोकल’, ‘शेअर’, ‘ग्नोम-शेल’ या वाटेवरील ‘एक्स्टेन्शन्स’ फोल्डरचे नाव बदलून पाहावे.

‘प्रोफाइल’ नावाची लपलेली फाइल मात्र वेगळ्या लक्षाने वाचावी, कारण लॉगिन होताना तिच्यातील प्रत्येक ओळ डेस्कटॉप येण्याआधी चालते. एका सूतगिरणीच्या हिशेब विभागात नेमके आपल्यासारखेच लक्षण होते: काळी स्क्रीन, हलणारा बाण, आणि नव्या खात्यात मात्र सारे सुरळीत. त्या फाइलीच्या तळाशी कोणीतरी कधीकाळी चार ओळी लिहिल्या होत्या, ज्यांचा अर्थ ‘सर्व्हर पिंगला (चालू आहेस का, या हाकेला) उत्तर देईपर्यंत थांबा, मग पुढे जा’ असा होता. कित्येक वर्षे सर्व्हर नेहमी चालू असल्याने थांबण्याची वेळच आली नव्हती. मग सर्व्हर बदलला, त्याचा पत्ता बदलला, आणि संगणक त्या जुन्या पत्त्याकडून उत्तर येण्याची वाट पाहत आज्ञाधारकपणे बसून राहिला. यात लिनक्स कुठेच बिघडले नव्हते. मी त्या चार ओळींच्या सुरुवातीला ओळ निष्क्रिय करणारे हॅशचे चिन्ह घातले आणि डेस्कटॉप आला. मराठी टायपिंगच्या कीबोर्डसाठी म्हणून इकडून तिकडून उतरवलेल्या ओळीही याच फाइलीत आढळतात. त्यांत ‘एक्झिट’ किंवा ‘एक्झेक’ असेल तर सत्र तिथल्या तिथे संपते.

वाट पाहण्याचा हाच प्रकार नेटवर्कवरील फोल्डरमुळेही होतो. कार्यालयातील दुसऱ्या संगणकावरचा किंवा नेटवर्क डिस्कवरचा फोल्डर ‘एफएसटॅब’मधून जोडलेला असेल, डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट असेल, आणि वीज गेल्यावर ती डिस्क किंवा स्विच पुन्हा चालूच झाला नसेल, तर डेस्कटॉप त्या शॉर्टकटची चौकशी करायला जातो आणि अडकून बसतो. याची खूण अशी की वर सांगितलेली ‘डीएफ’ कमांडसुद्धा काहीही न छापता नुसती थांबून राहते, आणि ‘पीएस एयूएक्स’च्या स्थितीच्या रकान्यात काही प्रक्रियांपुढे डी हे अक्षर टिकून राहते. अशा वेळी आधी स्विचचे दिवे पाहावेत. ते चालू असतील तर ‘एफएसटॅब’मधील त्या फोल्डरच्या ओळीपुढे हॅश घालून रीस्टार्ट करावे, आणि ओळ पुन्हा सुरू करताना तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ व ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हे दोन शब्द जोडावेत, म्हणजे फोल्डर प्रत्यक्ष उघडल्यावरच जोडला जाईल.

नव्या खात्यातही काळी स्क्रीन आली, तर मग ग्राफिक्स. आपले जीटी ७१० कार्ड केप्लर पिढीचे आहे आणि त्या पिढीला एनव्हिडियाचा ४७० मालिकेचा ड्रायव्हर हा शेवटचा. त्यापुढची मालिका कोणी हौसेने बसवली तर ती या कार्डाला ओळखतच नाही. हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी जुळवून तयार असावा लागतो. नवा कर्नल बसला आणि ड्रायव्हरची जुळवणी वीज गेल्यामुळे अर्ध्यावर राहिली, तर आपण सांगितलेलेच दृश्य दिसते. चालू होताना एस्केप (जुन्या बायोसच्या संगणकावर शिफ्ट) दाबून ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल चालू करायचा ते विचारणारा, मेनू आणावा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा. त्यावर डेस्कटॉप आला तर निदान पक्के झाले. मग ‘डीकेएमएस स्टेटस’ने ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी तयार आहे ते पाहावे आणि ४७० मालिकेचे पॅकेज पुन्हा बसवावे. हिशेब आणि बिलांपुरताच वापर असेल तर माझे स्पष्ट मत असे आहे की एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून कर्नलसोबत येणाऱ्या नूव्हो ड्रायव्हरवर राहावे; डिझाइनच्या कामाला त्याचा वेग कमी पडतो असे प्रत्यक्ष जाणवले तरच परत यावे. त्याआधी, नाव निवडल्यावर उजव्या कोपऱ्यात दिसणाऱ्या दातेरी चाकातून ‘उबंटू ऑन झॉर्ग’ किंवा वेलँड या पडदा रेखाटण्याच्या दोन पद्धतींपैकी जी चालू नाही ती निवडून पाहणे फुकटचे आहे.

यंत्रमागांजवळच्या कार्यालयांत आणखी एक गोष्ट दिसते: कार्डाच्या उष्णता शोषणाऱ्या पत्र्यांत सुताचे तंतू नमद्यासारखे बसतात आणि सोलापूरच्या मे महिन्यात असे कार्ड डेस्कटॉप रेखाटण्याचा पहिला भार येताच गोठते. दोष सकाळी नसेल आणि दुपारी येत असेल, तर कमांड बाजूला ठेवून ब्लोअर घ्यावा.

इतके करूनही डेस्कटॉप आला नाही, तर एकदा मुद्दाम लॉगिन करावे, अडकल्यावर दोन मिनिटे थांबावे, एफ३च्या कन्सोलवर जावे आणि ‘सुडो जर्नलसीटीएल वजा बी वजा ई’ चालवावे. शेवटच्या तीस-चाळीस ओळींचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून पाठवावा. त्यासोबत ‘डीएफ वजा एच’चे उत्तर, नव्या खात्यात काय झाले ते आणि जुना कर्नल निवडल्यावर काय झाले ते लिहावे. फोटोतील तारीख आणि वेळही खरी आहे का ते पाहावे. ती भलतीच असेल तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ बॅटरी संपलेली आहे, आणि ती बदलून घड्याळ लावल्याशिवाय त्या ओळींतून कशाआधी काय घडले हे मला सांगता येणार नाही.